तीनदा दळलेलं औषध

जुळे सोलापूर
८ जून २०२५

प्रिय अक्का,

फोन तू उचलत नाहीस. दुसऱ्या नंबरवरून केला तर धाकट्या बहिणीचा आवाज ऐकून ठेवून देतेस. म्हणून पोस्टानं लिहिते आहे. पाकिटावर नाव तुझं एकटीचं घातलंय, भावजींचं नाही.

तुझी लेक लीला गेली त्याला गेल्या महिन्यात दोन वर्षं झाली. चौदा मेला मी रजा काढली होती. अक्कलकोटला यायचं ठरवून स्टँडवर गेले, गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता, आणि मी उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी राहून ती जाताना बघितली. मग घरी आले. ह्यांनी विचारलं तर सांगितलं, गर्दी होती.

एक काम आहे. लीलाच्या झटक्यांच्या गोळ्या मी तुला देत होते, त्यांतल्या काही उरल्या असतील तर मला पाठव. अर्धी पट्टी असली तरी चालेल. पाकिटावरचा किंवा पट्टीमागचा नंबर पुसू देऊ नकोस. आणि तू त्या कुठं ठेवत होतीस तेही लिही. स्वयंपाकघरात, गॅसजवळ? की माळ्यावर, पत्र्याखाली? उन्हाळ्यात तुमच्याकडं पत्रा किती तापतो ते मला माहीत आहे, म्हणून विचारते.

कशासाठी हव्यात ते आत्ता विचारू नकोस. ऑफिसचं साधं काम आहे.

तुझ्या सासूबाईंना, निंगव्वा अत्तींना, नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

तुझी तंगी,
महेश्वरी


जुळे सोलापूर
२२ जून २०२५

प्रिय अक्का,

तुझं पार्सल पोचलं. पत्र नव्हतं आणि असेल असं मी धरलंही नव्हतं. एक चिठ्ठी मात्र होती, तुझ्या अक्षरातली: 'देवळीत ठेवत हुते. मातीच्या भिंतीत. घरातली सगळ्यात गार जागा.' एवढंच.

मी ते का विचारलं हे तुला बरोबर कळलं होतं. तुझ्याकडं चूक निघते का ते मी बघत होते. कागदावर लिहिताना ते नुसत्या चौकशीसारखं दिसत होतं. तुझी चिठ्ठी वाचल्यावर तसं दिसेना. माफ कर असं लिहिणार होते, पण माफी एवढ्या लहान गोष्टीची मागायची म्हणजे मोठी टाळण्यासारखं आहे.

पट्टीत सात गोळ्या आहेत. आणि लीलाचं ते कॅलेंडर. ते तू पाठवशील असं मला वाटलं नव्हतं. रोज दोन खुणा, पेन्सिलीनं, सकाळची वर, संध्याकाळची खाली. दहावीच्या पेपरांच्या दिवशीही. मार्चमध्ये एका तारखेला संध्याकाळची खूण विसरली असावी, तर तिनं दुसऱ्या दिवशी शेजारी लिहिलंय, 'घेतली होती, खूण राहिली.' चौदा मेच्या चौकोनात सकाळची खूण आहे. दुपारी हौदात नळाचं पाणी भरताना झटका येऊन ती आत पडली, तेव्हा तिच्या पोटात ती गोळी होती.

मी ते कॅलेंडर गुंडाळून कपाटात ठेवलं होतं. आज काढून पुन्हा बघितलं. मग पुन्हा ठेवलं.

हल्ली मला एक होतं, तुला म्हणून सांगते. घरात मिक्सर लावला की मी गॅलरीत जाते. त्या आवाजात लीला मला हाक मारते असं वाटतं. मिक्सर बंद केला की काहीच नसतं. चटणी आता शेजारच्या बाई करून देतात. ह्यांना मी सांगितलंय की खांदा दुखतो.

महेश्वरी


जुळे सोलापूर
६ जुलै २०२५

प्रिय अक्का,

आता कारण सांगते.

एप्रिलमध्ये आमच्या कंपनीत एक पत्र आलं. लातूरकडच्या एका शिक्षकांचं. त्यांच्या बायकोला चार वर्षं झटका आला नव्हता. आमच्या गोळ्या सुरू केल्या, आणि पाच महिन्यांनी भाकरी करताना झटका येऊन हात तव्यावर पडला. त्यांनी लिहिलं होतं, 'गोळी एकही चुकलेली नाही. मी स्वतः हातावर देतो.' नंदीश सर, म्हणजे आमचे मॅनेजर, ते पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे. ह्यांना एक उत्तर लिहा. नेहमीचंच."

"काय लिहू?"

"लिहा की औषध सर्व चाचण्यांत योग्य आढळले आहे. रुग्णाने गोळ्या वेळेवर घेतल्या नसाव्यात."

अक्का, मी पेन उघडलं. 'रुग्णाने' असं लिहिलं. पुढचं लिहिता येईना. ते वाक्य मी आधी एकदा तोंडानं बोलले होते, बायकांनी भरलेल्या तुमच्या सोप्यात, लीला गेल्यावर तिसऱ्या दिवशी. ते बोलल्यावर तुझ्या तोंडाकडं मी बघितलं नव्हतं.

तू सातवीनंतर शाळा सोडलीस आणि मी शिकले. म्हणून घरात औषधाचं मी म्हणेन ते खरं ठरत गेलं. तर आता मी म्हणते ते नीट वाच. तुला कळेल असं लिहिते.

औषधाची पावडर आमच्याकडं पिंपांतून येते. भिंगाखाली धरली की खडीसाखरेसारखे खडे दिसतात, थोडे लांबट. प्रत्येक खड्यात औषधाचे अगदी बारीक कण पंगतीला बसल्यासारखे ओळीनं बसलेले असतात, मांडीला मांडी लावून. कुणाला हलायला जागा नसते. हलता येत नाही म्हणून तर औषध टिकतं. ह्या औषधाचा कण दोरीच्या तुकड्यासारखा आहे, आणि त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटायला बघतात. चिकटली की कडं होतं, आणि ते कडं म्हणजे औषध नव्हे. पंगतीत बसलेला असतो तोवर त्याला वळताच येत नाही.

खडे जाड असले की गोळ्यांचं वजन कमीजास्त होतं. म्हणून पावडर मिलमध्ये दळायची. एकदा दळायची असं पुस्तकात लिहिलेलं आहे. दळताना खड्यावर मार बसतो, वरच्या ओळी मोडतात. मोडलेल्या जागी कणाला वळायला जागा मिळते. एकाचं कडं झालं की शेजारच्याला जागा होते. मग त्याच्या शेजारच्याला. पण हे त्या दिवशी होत नाही. दळल्या दळल्या तपासलं तर औषध शंभराला शंभर भरतं. मार लागलेला असतो आणि कागदावर तो दिसत नाही. तो दिसायला महिने जातात. उन्हाळा असला तर थोडे कमी.

लीलाच्या पट्टीवरचा नंबर बघून मी धनाजीकडं गेले. धनाजी मिल चालवतो, कुंभारीचा आहे, पंधरा वर्षं त्याच मशीनवर. जेवणाच्या सुट्टीत तो लिंबाखाली डबा खात होता.

"धनाजी, ऑगस्ट बावीसची ती बॅच आठवते?"

"आठवती की. चाळणी सारकी तुंबत हुती."

"किती वेळा काढली मिलमधनं?"

त्यानं भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. "कोन इचारतंय? तुमी का नंदीश सायेब?"

"मी विचारते."

"तीनदा, म्याडम. बारीक जाळी लावून. पावडर इतकी तापली हुती की हाताला चटका बसत हुता. मी सायबाला म्हनलं, गार हू द्या. तर म्हनले, मशीन थांबवायची न्हाय." मग म्हणाला, "बुकात एकदाच लिव्हलंय. मी न्हाय लिव्हलं ते. आन आता तर दर बॅचला तीनदाच काढतोय."

तू पाठवलेल्या सातांपैकी चार गोळ्या मी तपासल्या. शंभरात एकसष्ट भरल्या. पट्टीची मुदत गेल्या वर्षी संपली आहे, तेव्हा ह्यावरून लीलाच्या वेळी किती होतं ते सांगता येत नाही, असं कुणीही म्हणेल. म्हणून अजून एक काम मला करायचं आहे. त्याला महिना लागेल.

मला हे आधी कळलं असतं तर, असं रोज मनात येतं.

महेश्वरी


जुळे सोलापूर
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय अक्का,

काम झालं.

एकाच पिंपातली पावडर मी दोन बाटल्यांत घेतली. एक तशीच. दुसरी खलात घालून अर्धा तास हातानं खलली. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, सगळे एका मीटिंगला गेले होते. दगडावर दगड फिरत होता आणि मी घड्याळाकडं बघत होते. पहिली दहा मिनिटं नुसतं काम वाटलं. मग हात भरून आला. पण थांबावंसं वाटेना, कारण हाताखाली जे होत होतं ते मला ठाऊक होतं आणि डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पांढऱ्याची पांढरी पावडर. मऊ, हळदीकुंकवासारखी मऊ. मला लीलाचा आवाज आला तो तेव्हाच. हाक नव्हती. नुसतं बोलणं होतं, पाठीमागं, कुणाशी तरी. मी वळून बघितलं नाही.

दोन्ही त्या दिवशी तपासल्या. दोन्ही शंभर. मग दोन्ही गरम पेटीत ठेवल्या, अक्कलकोटच्या मे महिन्याएवढी गरम. काल, चार आठवड्यांनी, बाहेर काढल्या. न खललेली अजून नव्याण्णव आहे. खललेली त्र्याऐंशी.

दोन्हींना उष्णता तीच, हवा तीच, पेटी तीच. फरक फक्त एकीला मार बसला एवढाच. म्हणजे तू गोळ्या देवळीत ठेव नाहीतर देव्हाऱ्यात, त्यात तुझा दोष शोधून सापडणार नाही.

शिवाय कंपनीत प्रत्येक बॅचच्या काही गोळ्या राखून ठेवलेल्या असतात, थंड खोलीत. लीलाच्या नंबरच्याही होत्या. त्या मी काढून तपासल्या. थंड खोलीतल्याही सत्तरवर आल्या आहेत.

हे सगळे कागद घेऊन मी नंदीश सरांकडं गेले. त्यांनी शांतपणे बघितले. खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, तुम्ही हल्ली पाण्याच्या तपासणीला आहात ना?"

"हो."

"मग ते राखीव गोळ्यांचं कपाट उघडायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सर, बाजारात ह्या गोळ्या आहेत. दर बॅच तीनदा दळली जाते आहे. त्या लातूरच्या बाई भाजल्या. परत मागवायला हव्यात."

"आणि ही अक्कलकोटची पट्टी. ही कुणाची?"

"माझ्या बहिणीच्या मुलीची."

"तिला कंपनीनं विकली? दुकानातनं घेतली तिनं?" ते कागद एकावर एक नीट लावत होते. "नाही ना. तुम्ही इथनं नेल्यात. डॉक्टरनं लिहून दिलेली बंद करून तुम्ही ही सुरू केलीत. उद्या कुणी विचारलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, मला नाही. मी तुमच्या भल्याचं सांगतो, हे इथंच ठेवा."

चहा आला तेव्हा मी उठले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, अक्का. तुझ्या डॉक्टरांची गोळी चांगली चालली होती. दोन वर्षं लीलाला काही झालं नव्हतं. 'तेच औषध आहे, नाव तेवढं वेगळं, माझ्या हातनं तपासलेलं,' असं म्हणून डिसेंबरमध्ये मी ती बदलली.

उद्या सकाळी औषध निरीक्षकांच्या कार्यालयात जाणार आहे. कागदांच्या प्रती केल्या आहेत. ह्यांना आज सांगितलं. ते म्हणाले, "मी येतो सोबत."

अक्का, हे मला आधी माहीत नव्हतं. ते तुला कळावं म्हणून लिहिते.

तुझी तंगी,
महेश्वरी


जुळे सोलापूर
७ सप्टेंबर २०२५

अक्का,

निरीक्षक आले. त्यांनी मिलची खोली आणि गोदाम सील केलं, राखीव गोळ्यांचे नमुने नेले. सहा बॅचेस बाजारातून परत मागवायचा हुकूम निघाला. धनाजीनं जबाब दिला. मला तो देईल असं वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "म्याडम, माजी बी पोरगी हाय." मला कंपनीनं कामावरून थांबवलं आहे. लातूरच्या शिक्षकांना मी स्वतः पत्र लिहिलं, कंपनीचं नव्हे, माझं.

हे सगळं तुला सांगून मी चांगली ठरते. म्हणून पुढचं लिहायला हवं.

मागच्या पत्रात शेवटी एक वाक्य आहे, की मला आधी माहीत नव्हतं. ते खोटं आहे. त्या पत्रातलं बाकी सगळं खरं आहे आणि तेवढंच खोटं आहे.

बॅच झाली की काही गोळ्या मुद्दाम ठेवून द्यायच्या आणि तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तपासायच्या, असा नियम आहे. टिकतात का ते बघायला. २०२३ च्या फेब्रुवारीत सहा महिने भरले आणि लीलाच्या नंबरची तपासणी माझ्याकडं आली. यंत्र कागदावर रेघ काढतं. औषधाच्या जागी रेघ उंच डोंगरासारखी जाते आणि बाकी सपाट असते. त्या दिवशी डोंगराच्या अलीकडं एक लहान टेकाड होतं. सपाट असायला हवं तिथं. औषध शंभरात अठ्ठ्याऐंशी भरत होतं. नव्वदच्या खाली गेलं की नापास.

मी पुन्हा केलं. पुन्हा टेकाड. नंदीश सर आले, बघितलं, म्हणाले, "यंत्राची चूक असेल. दुसऱ्या बॅचच्या गोळ्या घ्या आणि ह्याच नंबरानं लावा." मी घेतल्या. रेघ सपाट आली. मी सही केली. सही माझी आहे, अक्का, त्यांची नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी स्वतःहून पाण्याची तपासणी मागून घेतली. म्हणजे पुढच्या तपासणीला ते टेकाड किती वाढलंय ते मला बघावं लागू नये.

तुझ्याकडं त्याच नंबरच्या गोळ्या आहेत हे मला माहीत होतं. मीच दिल्या होत्या. मी स्वतःला म्हणाले, नव्वद हवेत, अठ्ठ्याऐंशी आहेत, दोनानं काय होतंय. फोन करून एवढंच म्हणायचं होतं, 'अक्का, त्या बाजूला ठेव, डॉक्टरांच्या आण.' कारण सांगावं लागलं असतं म्हणून केला नाही.

आणखी आहे. मार्चअखेर, पेपर संपल्यावर, लीला आमच्याकडं दोन दिवस राहायला आली होती. तुला आठवत असेल, तू शेंगांची पोळी दिली होतीस तिच्याबरोबर. सकाळी चहा घेताना तिच्या हातातला कप हिसका बसल्यासारखा सांडला. ती हसली. म्हणाली, "मावशी, हल्ली सकाळी हात असा उडतो. आईला सांगू नको, घाबरती." मी म्हणाले, "परीक्षेचा ताण असेल. झोप काढ." तिनं विचारलं, "गोळी बरोबर आहे न्हवं? तूच तपासलीस की." मी म्हणाले, "मीच तपासली."

त्यावर तिनं गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्याली, माझ्यासमोर.

ते टेकाड मला अजून दिसतं. आभाळाच्या कडेला, भाकरीच्या पापुद्र्यात, अंथरुणाच्या सुरकुतीत. ह्यांनी डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. मी त्यांना टेकाडाचं सांगितलं नाही.

निरीक्षकांपुढं मी फेब्रुवारीची सहीसुद्धा कबूल केली आहे. माझ्यावर खटला होईल. होऊ दे. हे पत्र भावजींना दाखव, निंगव्वा अत्तींना वाचून दाखव. तुझ्या पोरीनं एकही गोळी चुकवली नव्हती, आणि तूही चुकली नव्हतीस. हे त्या घरात कुणीतरी मोठ्यानं बोलायला पाहिजे.

तिसऱ्या दिवशी मी बायकांत जे बोलले ते दुःखात बोलून गेले. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.

महेश्वरी


अक्कलकोट
२५ सप्टेंबर २०२५

महेश्वरी,

तुजी सगळी पत्रं मिळाली. शेवटचं मला अर्ध्यावर वाचवंना. मग ह्यांनी मोट्यानं वाचलं, अत्तीसमोर. वाचून झाल्यावर हे उठून भाईर गेले आन दुकान न उघडता तसंच पायरीवर बसून ऱ्हायले. गिऱ्हाईक येऊन परत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवायला आले तर अत्ती आदीच उठून बसली हुती, आन तिनं माझ्यासाटी चहा ठेवला हुता. दोन वर्सांत पैल्यांदा. कप तिनं माझ्या हातात दिला. कानडीत म्हनली, 'मगळे, कूडू.' पोरी, बस. मी बसले.

ह्या घरानं मला काय केलं त्येचंच तुला वाटतंय. त्यांचं मी सोसलं. पोरीला एकटी टाकून जेवनाचा डबा द्याया गेली, गोळ्यांवर ध्यान न्हवतं, आसं पावणे-रावळे बोलायचे, मी ऐकून घ्यायची. ते जाऊ दे.

मी काय केलं ते तुला सांगते. मी घरात गोळ्या हुडकल्या. ती चुकवत हुती म्हनजे कुटंतरी टाकत असंल न्हवं? तिची गादी उसवली. कापूस भाईर काडून हातानं चाचपला. मोरीची जाळी काडली. दप्तर, कंपासपेटी, परसातल्या कुंड्या उपसल्या. एकबी घावली न्हाय. तवा म्हनलं, पोरगी हुशार हुती, लांब जाऊन टाकली असंल. कॅलेंडरावर खुणा हुत्या. मी म्हनलं, लबाडानं खोट्या खुणा केल्या. तिच्या फोटोला म्हनलं. फुलं घालताना म्हनलं, का गं आसं केलंस, आईला का फशिवलंस. रोज. जेवन गेलं न्हाय त्या दिवशी तर शिव्या दिल्या.

मेलेल्या पोरीशी मी दोन वर्सं भांडले, महेश्वरी. ती आईकडं बघत हुती फोटोतनं, आन मी तिला लबाड म्हनत हुते. तिनं एक खूण राहिली तर तीबी लिवून ठेवली हुती, आन मी म्हनलं, बगा, किती साळसूद.

पोरगी पाण्यानं नेली, दैवानं नेली, गोळीनं नेली, काय असंल ते. पर पोरीवरचा माजा भरवसा तू नेलास. तो कुटल्या यंत्रात मोजतेस?

खटला हुईल तवा मला बोलीव. मी येईन. हेबी येतील. काय झालं ते सांगीन. तुझ्याशेजारी बसनार न्हाय, पर येईन. त्या लातूरच्या बाईला भेटून ये. तिचा हात कसा हाय ते बग, आन तिच्या घरात कोन तिला काय बोलतंय तेबी बग.

आनी एक काम कर. अत्तीला मराठी वाचता येत न्हाय. कानडीत एक कागद लिवून पाठीव, सही करून. लीलानं काय चुकवलं न्हवतं म्हून. तिला तो सवताच्या डोळ्यानं वाचायचा हाय.

शेवटाला एकच इचारते. पत्रात तू लिव्हलंस की दुःखात बोलून गेलीस. मी ते लई येळा वाचलं. त्या तिसऱ्या दिवशी, बायकांत बोललीस तवा, तुला ते टेकाड ठाव हुतं. ते आटवलं हुतं का न्हाय, बोलायच्या आदी? व्हय का न्हाय, तेवडंच लिव. दुसरं काय लिवू नको.

रुद्राणी


जुळे सोलापूर
१ ऑक्टोबर २०२५

अक्का,

व्हय.

दुसरं काही लिहू नकोस म्हणालीस, पण कानडी कागदात काय लिहिलंय ते तुला कळायला हवं. माझं कानडी लिहिणं मोडकं झालंय, म्हणून शेजारच्या बाईंकडून शब्द तपासून घेतले आणि मग माझ्या हातानं उतरवलं. त्यात लीलाचं पूर्ण नाव घालून असं आहे:

'शिवलीला हिने एकही गोळी चुकवली नाही. तिच्या आईने कसलीही हयगय केली नाही. गोळ्या खराब होत्या. त्या मी दिल्या. त्या खराब होत आहेत हे मला तीन महिने आधीपासून माहीत होते. शिवलीला गेल्यावर तिसऱ्या दिवशी निंगव्वा अत्तींनी मला सर्वांसमोर विचारले, गोळ्या बरोबर होत्या का. मी म्हणाले, गोळ्या बरोबर होत्या, तिने चुकवल्या असतील. हे मी जाणूनबुजून खोटे बोलले. महेश्वरी.'

त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं, ह्याच्यामध्ये वेळ गेला होता. कुणाच्या लक्षात आला नसेल. तेवढ्या वेळात मला कागद दिसला, रेघ दिसली, सही दिसली. खरं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. सगळ्या बायका निंगव्वा अत्तींकडं बघत होत्या. तू तेवढी माझ्याकडं बघत होतीस. रडायची थांबली होतीस, मी काय सांगते ते नीट ऐकू यावं म्हणून.

महेश्वरी